हरकाऱ्याची चौकशी

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या मनोहरराव पांढरीपांड्यांनी आयुष्यात एकही लग्न जुळवलं नाही. जुळवणारे पुष्कळ असतात. तो उद्योग त्यांनी नेहमीच हलका मानला. त्यांचं काम त्याच्या पुढचं. स्थळ सांगून आलं, पोरगं पाहून झालं, दोन्हीकडचे पोहे पचले, की मुलीचा बाप दारात चपला काढून हळूच त्यांच्या बैठकीत येऊन बसायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तेवढी चौकशी..." बस. तिथून पुढे नवरदेवाच्या सात पिढ्यांनी सावध राहावं.

ए.जी. ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासणीच्या कचेरीत, मनोहररावांनी उभी हयात दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात घालवली होती. सुटीच्या दिवशी तीच विद्या ते नवरदेवांवर चालवत. नरखेडकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या मुलाची माहिती काढायला ते पंप दुरुस्त करणारे बनून गेले. पंपातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी नुसता हात लावलेला एक पंप त्या दिवशी जो सुरू झाला तो अजून बंद होत नाही, असं त्या गावचे लोक सांगतात. कुहीला ते धानाचे व्यापारी होऊन गेले आणि इतके बेमालूम वठले की येताना खरोखरच धानाचं पोतं घेऊन आले. कळमेश्वरला एका कारखान्याच्या फाटकावर मुलगा कोणाच्या संगतीनं बाहेर पडतो ते पाहायला उभे राहिले, तर सुपरवायझरनं नवीन माणूस समजून त्यांना आत ओढलं. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा मुलाची पूर्ण माहिती आणि स्वतःची हजेरी, दोन्ही पक्की झाली होती. गावात शिरल्यावर ते पहिल्यांदा कुत्री पाहत. ज्या पोराला पाहून गल्लीतलं कुत्रं शेपूट हलवत नाही त्याला मुलगी देऊ नये, हा त्यांचा सिद्धांत.

आणि त्यांचा अभिमान एकच होता. तो ते कोणालाही, अगदी भाजीवाल्यालाही ऐकवत. "माझ्या 'हो'वर गेलेली एकही पोरगी रडत परत आलेली नाही."

ही गोष्ट खरी होती. म्हणूनच तो अभिमान पणाला लागला तेव्हा सगळ्या त्रिमूर्ती नगरानं कान टवकारले.

झालं ते मोबाईलमुळे. ज्येष्ठ नागरिक मंडळाचा मोबाईलवर एक ग्रुप होता. त्यावर पहाटेपासून गुलाबाची फुलं, उगवते सूर्य आणि थोरांच्या नावावर खपवलेली वाक्यं यांचा असा काही धो-धो पूर यायचा की कामाची सूचना त्यात गटांगळ्या खाऊन बुडायची. एका सभासदाच्या वडिलांच्या तेरवीचा निरोप दोन गुलाबांच्या मध्ये सापडला आणि अकरा जणांनी त्याला "हार्दिक अभिनंदन" पाठवलं. त्यावर कळस म्हणजे कोणीतरी पुढे ढकललेली बातमी आली: शहराचं पाणी आठवडाभर बंद. मेडिकल कॉलेजातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या कौसल्याबाई गजभिये यांनी घरातले हंडे, बादल्या, कुकर, फुलदाण्या आणि नातवाचं क्रिकेटचं हेल्मेटसुद्धा भरून ठेवलं. नळ मात्र आठवडाभर असा वाहिला की जन्मात वाहिला नव्हता.

मग मंडळानं ठरवलं, पुरे. सूचना यापुढे ईमेलवर. बातम्या मधल्या माणसांकडून नाही, थेट वर्तमानपत्राच्या घरून. तशी सोय असते: वर्तमानपत्राची, हवामानखात्याची, महापालिकेची वेबसाइट आपल्या ताज्या बातम्यांची धार सोडत असते, तिला फीड म्हणतात, आपल्या कॉम्प्युटरवर योग्य सॉफ्टवेअर असलं की ती धार येऊन आपल्याच अंगणात पडते, मध्ये कोणी गुलाब घालत नाही. टपाल आणि फीड दोन्ही सांभाळेल असं एकच सॉफ्टवेअर सगळ्यांनी घ्यायचं, म्हणजे एकाचं अडलं तर दुसरा सांगेल.

"कोणतं घ्यायचं ते माझ्यावर सोडा," भैय्याजी दुरुगकर उठून म्हणाले. विमा विकून त्यांचा आवाज कायमचा गोड झालेला होता. "माझा भाचा आहे त्याच लायनीत. 'मेलमित्र गोल्ड'. एकदम चकाचक. पहिलं वर्ष फुकट."

मनोहरराव मागच्या खुर्चीतून म्हणाले, "चौकशी केली का?"

"सॉफ्टवेअरची कसली चौकशी बे, मनोहर? ते काय पोरगं आहे?"

"घरात घ्यायचं आहे नं? सगळ्यांच्या चिठ्ठ्याचपाट्या त्याच्या हाती द्यायच्या आहेत नं? जन्मभर निभवायचं आहे नं? मग ते पोरगंच झालं."

सभेत खसखस पिकली. भैय्याजींना ती झोंबली. "बरं. मग तू आण तुझं स्थळ. पुढच्या सभेत समोरासमोर ठेवू."

"ठेवू," मनोहरराव म्हणाले, आणि तिथं थांबले असते तर ते मनोहरराव कसले. उभे राहून म्हणाले, "आणि ज्याला मी 'हो' म्हणेन त्यात पुढे काही निघालं, तर या जिभेवरून पुन्हा चौकशीचा शब्द निघणार नाही. बसलो घरी."

घरी आल्यावर बायकोनं, ताराबाईंनी, पहिलाच प्रश्न घातला. "अहो, तुम्हाला माउस धरता येतो का?"

"तू आहेस नं."

ताराबाई होत्याच. पुण्याच्या मुलीनं जुना कॉम्प्युटर टाकून दिला तो त्यांनी उचलून आणला होता आणि दोन वर्षांपासून त्यावर 'हरकारा' नावाचं एक सॉफ्टवेअर वापरत होत्या. सकाळी चहाबरोबर त्या हरकारा उघडत: डाव्या बाजूला टपाल, त्याखाली फीडचे कप्पे. एकात दोन वर्तमानपत्रं, एकात हवामान, एकात अकोल्याच्या एका बाईंच्या पाककृती. वाचून झालं की ओळीचा ठळकपणा जायचा. सगळ्या ओळी फिक्या झाल्या की ताराबाईंना भांडी घासून पालथी घातल्यासारखं वाटायचं.

"माझा हरकारा आहे की," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांत एक दिवस रुसला नाही."

"नात्यातलं स्थळ आहे, म्हणून दुप्पट तपासावं लागेल," मनोहरराव म्हणाले आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. "कोणाचा आहे हा?"

"कोणाचा नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात. फुकटात."

"म्हणजे अनाथ?"

"अनाथ काहून असेल? गावानं वाढवलेला म्हणा."

"फुकट आहे तर पोट कशावर भरतो? फुकट राबणाऱ्या जावयाचा मला नेहमीच संशय येतो. विचार."

"कोणाला?"

"ज्यांनी वाढवला त्यांना."

आणि मग मनोहररावांनी सांगितलं आणि ताराबाईंनी टाइप केलं ते पत्र, ए.जी. ऑफिसच्या अस्सल इंग्रजीत, हरकारा बनवणाऱ्यांच्या चावडीवर गेलं. ही चावडी म्हणजे त्यांच्या वेबसाइटवरची चर्चेची जागा. तिथं कोणीही काहीही विचारू शकतं, पण असं आजवर कोणी विचारलं नसावं. उमेदवाराचा स्वभाव कसा आहे? खाणं किती, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला झेपेल का? व्यसन काही? घरातल्या गोष्टी बाहेर सांगण्याची सवय? उदरनिर्वाह कशावर? आणि शेवटी, मनोहररावांचा ठेवणीतला प्रश्न: पटलं नाही तर मुलगी सगळ्या सामानासकट माहेरी परत येऊ शकते का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नॉर्वेतल्या ओलाव नावाच्या गृहस्थाचं. हरकाऱ्याचं बरंचसं काम तोच पाहत होता. त्यानं एकेका प्रश्नाला गंभीरपणे उत्तर दिलं होतं. स्वभाव शांत. खाणं कमी. टपाल कोणाला दाखवत नाही, तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवतो. उदरनिर्वाह देणग्यांवर, आणि जमाखर्च उघडा आहे, पाहून घ्या. मुलीच्या प्रश्नावर तो जरा अडखळलेला दिसला, पण त्याला मतलब कळला होता: सगळं टपाल साध्या फायलींत असतं, केव्हाही उचलून दुसऱ्या घरी नेता येतं, कोणी अडवणार नाही. आणि खाली एक ओळ: "त्याचे दोष पाहायचे असतील तर ते इथे आहेत."

"काय म्हणते हा?" मनोहरराव चष्मा वर करून पुढे सरकले. "दोष? दाब तिथं."

ताराबाईंनी दाबलं. आणि पडद्यावर हरकाऱ्याचे दोष उलगडत गेले, एकाखाली एक, खाली, अजून खाली, सरेचनात. छापताना कडेचं अक्षर कापतो. फार मोठं चित्र आलं की थबकतो. शोध घेताना कधीकधी जुनं टपाल विसरतो. प्रत्येकासमोर कोणी सांगितला, कधी सांगितला, कोण दुरुस्त करत आहे, किती जमलं, सगळं. साऱ्या जगाला दिसेल असं.

मनोहरराव मागे खुर्चीला टेकले. ताराबाईंना वाटलं, यांना चक्कर आली.

"तारा," ते म्हणाले, आणि आवाज चक्क ओला होता. "उभ्या आयुष्यात दोष शोधायला मी लोकांच्या मागच्या दारानं गेलो. पानठेल्यावर बसलो, कुत्र्यांची तोंडं पाहिली. आणि हे पाहा. पोराच्या बापानं स्वतःच वेशीवर टांगून ठेवलेत! असं घराणं मी पाहिलं नाही."

"म्हणजे 'हो' म्हणू?"

"थांब. अजून त्या दुसऱ्याकडे जायचं आहे. न्याय म्हणजे न्याय."

मेलमित्र गोल्डच्या कंपनीला त्यांनी फोन लावला. पलीकडून एक मुलगी बोलली. आवाज भैय्याजींच्या आवाजाची मावसबहीण शोभेल असा.

"दोष काय काय आहेत?" मनोहररावांनी विचारलं.

"दोष? सर, आमच्यात दोषच नाही."

"एकही?"

"एकही नाही सर."

"बरं. पटलं नाही तर माझं टपाल उचलून दुसरीकडे नेता येईल का?"

"पण सर, तुम्ही जाणारच कशाला?"

"समजा गेलो."

"सर, आमच्याकडून कोणी जातच नाही."

फोन ठेवून मनोहररावांनी ताराबाईंकडे पाहिलं. "कोणी जातच नाही म्हणते. तुरुंगातूनही कोणी जात नाही."

इथवर सगळं हरकाऱ्याच्या बाजूनं होतं. पण मनोहररावांच्या चौकशीत शेवटचा एक डाव असायचा: न सांगता जाणे. सगळी माहिती चांगली आली की एखाद्या भलत्याच वेळी ते मुलाच्या घरी टपकायचे. घर खरं कसं आहे ते तेव्हा दिसतं. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी ताराबाई पापड लाटायला शेजारी गेल्या असताना ते एकटेच हरकाऱ्यासमोर बसले, एका बोटानं स्वतःलाच एक ईमेल लिहिलं, "कसा आहेस?" एवढंच, आणि धाडलं. ते लगेच आलं. बरोबर आलं. सगळं चोख. फक्त त्यापुढे वेळ लिहिली होती, ती भिंतीवरच्या घड्याळापेक्षा अर्धा तास मागे होती.

मनोहररावांनी आधी घड्याळाला दोष दिला. मग मनगटावरच्या घड्याळाला. मग कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. तीही बरोबर होती. पुन्हा ईमेल धाडलं. पुन्हा अर्धा तास शिळं.

ताराबाई परत आल्या तेव्हा ते हाताची घडी घालून बसले होते.

"तुझ्या हरकाऱ्याला वेळ कळत नाही."

ताराबाईंनी पाहिलं. "अगंबाई, खरंच. मी कधी वेळेकडे पाहतच नाही. ठळक ओळ दिसली की वाचते."

"हा दोष त्यांच्या वेशीवर आहे का?"

त्यांनी शोधलं. नव्हता. ओलावला माहीत नव्हता, कोणालाच माहीत नव्हता. मनोहररावांना कारण मात्र चटकन उमगलं. जगातल्या बहुतेक देशांत घड्याळं पुऱ्या पुऱ्या तासाच्या फरकानं चालतात. आपली मात्र जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. बनवणाऱ्यांच्या डोक्यात तो वरचा अर्धा आलाच नव्हता. हरकारा हिंदुस्थानात आला की तो अर्धा तास सीमेवरच टाकून येत होता.

"उद्या सभा झाली की कळवू त्यांना," ताराबाई म्हणाल्या. "करतील दुरुस्त. एवढंसं तर आहे. तुम्हीच म्हणता, बाकी पोरगा सोन्यासारखा आहे."

"सभा झाली की?"

"अहो, आज कोणालाच माहीत नाही. उद्या तुम्ही सांगितलं की भैय्याजी त्याच अर्ध्या तासाला धरून तुम्हाला लोळवतील. तुमचाच शब्द आहे, काही निघालं तर चौकशी बंद. मग काय घरी बसून माझ्या फोडणीची चौकशी करणार?"

मनोहरराव उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. आजवर ज्या ज्या पोराला त्यांनी 'हो' म्हटलं त्याचं काहीतरी उणं त्यांना ठाऊक असायचंच. एक तोतरा होता. एकाला सिगारेट होती. एकाच्या आईचं तोंड म्हणजे मोमिनपुऱ्यातली कात्री. दर वेळी त्यांनी मुलीच्या बापाला समोर बसवून सांगितलं होतं, हे असं आहे, पाहून घ्या. पोरगी रडत परत आली नाही ती त्यामुळे. पोरांमुळे नाही.

"लग्नानंतर कळलेला दोष म्हणजे फसवणूक, तारा," ते म्हणाले. "तोच लग्नाआधी सांगितला तर ओळख."

"मग भोगा," ताराबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी नवऱ्याकडे जसं पाहिलं तसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

सभा पाचला होती. साडेपाचला माणसं जमली.

भैय्याजींनी आधी आपलं स्थळ मांडलं. भाच्यानं पाठवलेल्या चकचकीत पुस्तिका वाटल्या. मेलमित्र गोल्डमध्ये काय नव्हतं? ईमेल होतं, फीड होती, वाढदिवस लक्षात ठेवायचं होतं, पार्श्वभूमीला हिमालय लावता येत होता. टाळ्या पडल्या.

मग मनोहरराव उभे राहिले. त्यांनी हरकाऱ्याचं घराणं सांगितलं, उत्पन्न सांगितलं, स्वभाव सांगितला, मुलगी माहेरी येऊ शकते हेही सांगितलं. आणि मग, घसा साफ करून, "आता दोष. छापताना कडेचं अक्षर खातो. मोठ्या चित्राला घाबरतो. आणि एक मोठा. त्याच्या वेळा अर्धा तास मागे दिसतात. आत्ता आलेलं टपाल अर्ध्या तासापूर्वी आलं म्हणतो."

सगळ्या माना भिंतीवरच्या घड्याळाकडे अशा एकदम वळल्या की घड्याळालाच लाजल्यासारखं झालं.

भैय्याजी उडी मारून उठले. त्यांच्या तोंडावरची साखर पहिल्यांदाच थोडी ओसरली. "ऐका! ऐका मंडळी! ज्याला वेळ कळत नाही त्याच्या हाती सूचना द्यायच्या म्हणते हा! आणि मनोहर, तुझा शब्द काय होता? काही निघालं तर चौकशी बंद. निघालं की नाही?"

"निघालं," मनोहरराव म्हणाले. ते ताठ उभे होते, पण खुर्चीची पाठ त्यांनी हातानं धरलेली ताराबाईंना दिसली.

"मग बस घरी!"

तेवढ्यात मधल्या रांगेतून कौसल्याबाई उठल्या. मेट्रन असताना त्या उठल्या की अख्खा वॉर्ड आपापल्या खाटेवर सरळ व्हायचा. आताही काही जण नुसत्या सवयीनं ताठ बसले.

"भैय्याजी, थांबा गा जरासे. मले एक सांगा. हे निघालं म्हणता तुमी, ते काढलं कोनं?"

"काढलं... त्यानंच सांगितलं आत्ता."

"हाव. मंग निघालं कोठून? भाऊनं काढलं. आन् लग्नाच्या आधी काढलं, चार लोकांत काढलं. यालेच त चौकशी म्हनतेत. माह्या दीप्तीच्या वेळी बी यायनं असंच सांगतलं होतं, पोरगा गुनाचा हाये पन घोरते. इतका घोरते का शेजारच्याची म्हैस दूध देत नाही. आमी हाव म्हटलं. आज दीप्ती कानात कापूस घालून सुखानं झोपते!"

सगळं सभागृह हसलं. दीप्ती तिथं नव्हती म्हणून बरं.

"आता तुमचं सांगा," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुमच्या गोल्डवाल्यात दोष कोनते?"

"त्याच्यात? एकही नाही," भैय्याजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच ते कसंसं ऐकू आलं.

कारण समोर बसलेल्या सगळ्यांनी मुलं-मुली उजवल्या होत्या. सासवा होत्या, सासरे होते, एक-दोन जण तर आजेसासरे होते. ज्या पोराच्या घरचे "दोष एकही नाही" म्हणतात त्या दारातून चहा न पिता उठायचं असतं, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं. सॉफ्टवेअरमधलं कोणाला काही कळत नव्हतं. पण हे कळत होतं.

पुस्तिका हळूहळू मांडीवरून खुर्चीखाली गेल्या.

"आन् अर्ध्या तासाचं काय घेऊन बसले?" कौसल्याबाईंनी बसता बसता सांगितलं. "पाचची सभा आपुन साडेपाचले सुरू केली. आपल्याच मानानं चालून राहिला तो. त्याचे नागपूरचेच गुन दिसतेत!"

हात वर झाले. हरकाऱ्याच्या बाजूनं इतके झाले की वरच्या पंख्याला कोणाचा तरी हात लागतो का याची अध्यक्षांना काळजी पडली. दुसऱ्या बाजूनं एक होता, भैय्याजींचा; आणि तोही त्यांनी मोजणी चालू असताना डोकं खाजवायला नेल्यासारखा खाली घेतला.

सभा संपल्यावर ते मनोहररावांजवळ आले. "मनोहर, तू लपवलं असतंस नं, तर मी महिनाभरात शोधून तुला उभा जाळला असता. भाच्याला सांगूनच ठेवलं होतं, हरकाऱ्यात काहीतरी शोध म्हणून."

"सापडलं होतं का त्याला?"

"नाही नं," भैय्याजी म्हणाले. "तेच तर. तुला सापडलं." आणि त्यांनी मनोहररावांचा हात असा दाबला की विम्याचा हप्ता मागतात की काय अशी क्षणभर शंका यावी. "माझ्या पोरट्यासाठी एक स्थळ आलं आहे, वर्ध्याचं. जरा पाहशील का?"

घरी येताना मनोहरराव स्कूटरवर मागे बसले होते. ताराबाई चालवत होत्या. स्कूटर रिंग रोडला लागली. पाठीशी ते इतके ताठ बसले होते की वाऱ्याचा अडसर होऊन स्कूटर रोजच्यापेक्षा हळू चालली. ओळखीचा दिसला की हात वर. अनोळखी दिसला तरी हात वर.

"अहो, नीट बसा. मिरवणूक नाही ही."

"कोण म्हणते नाही?"

घरी पोचताच, बूटसुद्धा न काढता, त्यांनी ओलावला पत्र सांगितलं. ताराबाईंनी टाइप केलं. आपल्या मुलात हा दोष आहे, आम्ही तो भर सभेत सांगितला, तरीही आमच्या मंडळानं त्याला एकमतानं पत्करलं आहे. तेव्हा आता हा दोष दूर करणं हे आपलं आणि आमचं मिळून काम आहे. ओलावनं तो वेशीवर टांगला. समोर लिहिलं: मनोहरराव पांढरीपांडे, नागपूर यांनी कळवला. जगातल्या सगळ्यांना दिसेल असं. मनोहररावांनी त्या पडद्याचे ताराबाईंकडून सात वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले.

आठवड्याभरात दुरुस्ती आली. मंडळाच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढवली तेव्हा निम्मं मंडळ पाहायला जमलं होतं. ताराबाईंनी ईमेल धाडलं, ते आलं, आणि त्यापुढची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी अशी तंतोतंत जुळली की कोणीतरी अक्षता नाहीत म्हणून चुरमुरे उडवले. ओलावनं सोबत लिहिलं होतं की हे आपल्या कोणाच्या कधी ध्यानातच आलं नाही, आणि मनोहररावांचे मनापासून आभार.

घरी येऊन आपल्याही कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढवेपर्यंत जेवायची वेळ टळून चालली होती. ताराबाईंनी पदर खोचला. "झालं नं आपलं? चला आता. भाकरी थंड होऊन राहिली."

मनोहरराव उठले नाहीत. ते पडद्याकडे पाहत होते. खरं तर पडद्याच्याही पलीकडे, हिमालयाच्या बाजूला कुठेतरी.

"तारा, नेपाळची घड्याळं आपल्याहून पाव तासानं पुढे आहेत. म्हणजे पावणेसहा तास. त्यांचं काय करतो हा?"

"नेपाळात आपलं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणूनच विचारतो. आपला अर्धा तास आपण भांडून घेतला. त्या बिचाऱ्यांच्या पाऊण तासाची चौकशी करायला कोण जाणार आहे?"

ताराबाईंनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग त्यांनी खुर्ची ओढली, खोचलेला पदर सोडला आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पण इंग्रजी जरा सोपं सांगा. नॉर्वेवाल्याला मागच्या वेळी डिक्शनरी घ्यावी लागली असेल."